रेंज नसलेली खोली

दाताच्या डॉक्टरकडे बसलो होतो. माझा फोन पिंकीच्या हातात होता, आणि तो एकाएकी थरथरायला लागला. एकदा नाही, दहा-बारा वेळा लागोपाठ. सकाळपासून मी नेट बंद करून ठेवलं होतं. आमच्या ट्रान्सपोर्टच्या वाडीतल्या गोदामाच्या ग्रुपवर ड्रायव्हर लोक दिवसभर काहीबाही टाकत असतात, फुटलेले टायर, टोलनाक्याच्या रांगा, देवांचे फोटो. आणि अर्धा दिवस सुट्टी टाकून बहिणीला धंतोलीत आणलं तर तेवढा वेळ तरी डोकं शांत राहावं, इतकीच माझी अपेक्षा होती. मग नेट आलं कुठून? पिंकीनं फोन तिरपा करून पाहिला. तिच्या खालच्या जबड्यात नुकतंच इंजेक्शन दिलं होतं आणि बधिर व्हायला वेळ लागेल म्हणून तिला बाहेर माझ्या शेजारी आणून बसवलं होतं. तिचं तोंड एका बाजूनं जड झालं होतं, शब्द घसरत होते. "दादा," ती म्हणाली, "तुझ्या फोनले बाजूच्या हॉटेलचं वायफाय कसं काय लागलं?"

मी म्हटलं, लागते कधी कधी आपोआप. ती म्हणाली, "आपोआप कसं लागन? एकदा पासवर्ड टाकला असन तरच लागते. आमच्या शाळेत तसंच आहे." शाळेतली बाई ती, चौथीच्या पोरांची खोटी कारणं ऐकण्यात तिची बारा वर्षं गेलेली. मी भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे पाहायला लागलो. भिंतीपलीकडे हॉटेल सुखदीप. अडीच वर्षं झाली आणि हॉटेलवाल्या भाड्यांनी पासवर्डसुद्धा बदललेला नाही. हॉटेलचं नाव आणि पुढे एक दोन तीन. काउंटरवरचा माणूस चिठ्ठीसुद्धा द्यायचा नाही, सगळ्यांना तोंडीच सांगायचा. मी ते हॉटेल विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला. धंतोलीत यायचं असलं की दुसऱ्या गल्लीनं यायचो. आजही मी पिंकीला म्हणत होतो की दाताचे डॉक्टर सदरला काय कमी आहेत, पण तिच्या मुख्याध्यापिकेनं हाच सांगितला होता. मी विसरलो होतो म्हणा, फोन विसरला नव्हता.

पिंकी माझ्याकडे सरकली. मग हळूच, शेजारच्या बाईला ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिनं विचारलं, "वहिनीले माहीत आहे का?" मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हसू आलं, आणि हसू आल्याबरोबर लाजही वाटली, कारण मला सुटल्यासारखं वाटलं होतं. नागपुरात स्वतःचं घर असलेला चव्वेचाळीस वर्षांचा माणूस नागपुरातल्याच हॉटेलात कशाला जाईल? बाईची भानगड. दुसरं काय येणार कुणाच्या मनात? आणि मी खरोखर विचार केला की हे पत्करावं. होती म्हणावं एक बाई, ऑफिसातली, आता बदली होऊन गेली, तुझ्या वहिनीला, काजलला, सांगू नको. पिंकी आठवडाभर बोलणार नाही, मग बोलेल. भानगड माफ होते, लोक करतात माफ. त्या खोलीत मी एकटा होतो हे माफ होण्यासारखं नव्हतं.

आमची माय, इंदूबाई मेश्राम, कळमन्याच्या बाजारात मिरची निवडायची. छत्तीस वर्षं. तोंडाला पदर बांधून दिवसभर लाल ढिगाऱ्यात बसायची, आणि घरी आली की आम्ही दोघं भावंडं शिंकायला लागायचो, तेव्हा हसून म्हणायची, थांबा रे, आंघोळ करू द्या मले. त्या मिरचीनंच तिची फुप्फुसं खाल्ली. अडीच वर्षांपूर्वी तिला धंतोलीतल्या एका दवाखान्यात दाखल केलं, अतिदक्षता विभागात, आणि सोळा दिवस आम्ही पाळ्या लावल्या. दिवसाची माझी, संध्याकाळनंतरची पिंकीची. आत जायचा पास एकच. बाकी वेळ खालच्या हॉलमध्ये चटईवर बसून राहायचं आणि वरून स्पीकरवर नाव पुकारलं की धावायचं. यवतमाळ, वर्धा, गडचिरोली, कुठकुठली माणसं त्या हॉलमध्ये असायची. त्यांची एक रीत होती. कुणी उठून जाताना शेजारच्या चटईला सांगून जायचा, आमचं नाव पुकारलं तर ऐकजा गा. मग शेजारची चटई दोन पेशंटांची नावं कानात धरून बसायची. कुणी तुमची जात विचारत नसे, पेशंटचं नाव मात्र दोनदा विचारून पाठ करून घेत. त्याच्या बदल्यात तुम्हाला काय करावं लागे? त्यांचा पेशंट कसा आहे ते रोज विचारावं लागे, आणि ऐकावं लागे. सगळं ऐकावं लागे. लघवीची पिशवी, डॉक्टर काय म्हणाले, गावाकडे सोयाबीन कोणी काढलं, सुनेनं काय केलं. मला चौथ्या दिवशी ते असह्य झालं. खरं सांगतो, मायच्या आजारानं मी थकलो नव्हतो, मी लोकांच्या बोलण्यानं थकलो होतो. माझी नोकरीच तशी. गाडी कुठं पोचली, काहून थांबली, मालाच्या बिल्टीचा कागद कोणाजवळ आहे, वीस वर्षं कानाला फोन. आणि तिथं हॉलमध्ये बसलो तरी फोन वाजायचाच, एका कानात ड्रायव्हर आणि दुसऱ्या कानात कोणाची तरी किडनी.

पाचव्या दिवशी आंघोळीसाठी म्हणून सुखदीपमध्ये खोली घेतली. दुसऱ्या माळ्यावरची मागची खोली, खिडकी उघडली की समोर भिंत. सामान ठेवलं आणि फोन पाहिला तर रेंज नव्हती. एक दांडीसुद्धा नाही. मी काउंटरवर तक्रार करायला निघालो होतो. दाराशी थांबलो. मग परत येऊन पलंगावर बसलो. वीस वर्षांत पहिल्यांदा मी अशा ठिकाणी होतो जिथं मला कुणीच फोन करू शकत नव्हतं. पोऱ्या पाणी घेऊन आला, म्हणाला, साहेब इथं टॉवर नाही मिळत पण वायफाय फुल आहे. म्हणजे मला कोणी गाठू शकत नाही आणि मला जे पाहायचं ते मी पाहू शकतो. मी दार लावून घेतलं. असं सुख मला आयुष्यात फार कमी वेळा मिळालं आहे, आणि ते मिळालं तेव्हा माझी माय रस्त्याच्या पलीकडे तोंडावर मास्क लावून श्वास ओढत होती.

काय पाहत होतो म्हणाल तर सांगायलाही शरम वाटते. घाणेरडं काही पाहिलं असतं तर निदान सांगण्यासारखं तरी झालं असतं. एक माणूस जुने, चिखलानं माखलेले गालिचे धुतो. बोलत नाही, फक्त धुतो. पाण्याचा फवारा, साबणाचा फेस, काळं पाणी वाहून जातं, परत फवारा, आणि हळूहळू खालून रंग निघतात, आधी पिवळा, मग निळा. एक गालिचा धुवायला पाऊण तास. मी तसे किती पाहिले असतील त्याचा हिशोब नाही. रोज अकराला मायला भेटून यायचो, तिच्या पायांवरून हात फिरवायचो, ती मास्कच्या आतून काही तरी बोलायची, बहुतेक वेळा 'जेवला का' इतकंच, आणि मग मी खाली उतरून, रस्ता ओलांडून त्या खोलीत. दुपारी तीनपर्यंत. हॉटेलात सगळे माझ्यासारखेच होते, धंतोलीतल्या कुठल्या ना कुठल्या दवाखान्यातल्या पेशंटचे नातेवाईक. पण इथं कुणी कुणाला विचारत नसे. दुसऱ्या माळ्यावर वायफायचा डबा लागला होता, त्याच्याखाली पॅसेजमध्ये चार-पाच जण भिंतीला टेकून बसलेले असत. एकदा त्यातली एक बाई फोन पाहता पाहता रडत होती. मी तिच्या पायांवरून ओलांडून गेलो, आणि मला बरं वाटलं की इथं विचारावं लागत नाही.

आणि नाव पुकारलं तर? त्याचीही सोय मी करून ठेवली होती, ट्रान्सपोर्टातला माणूस आहे शेवटी. माझ्या शेजारच्या चटईवर केशव म्हणून हिंगणघाटकडचा एक जण होता. त्याची बायको आत होती. पोरगी घरी आजीजवळ, सात वर्षांची, आणि ती रोज दुपारी शाळेतून आली की व्हिडिओवर बापाला पाहायचा हट्ट धरायची. याच्या फोनमधलं नेट सकाळीच संपून जायचं. मी त्याला म्हटलं, तुम्ही माझ्या मायचं नाव ऐकजा आणि मला व्हॉट्सअॅपवर कळवजा, मी तुम्हाला हॉटेलचा पासवर्ड देतो. त्याला इतका आनंद झाला की त्यानं माझे हात धरले. रीत होती ती फुकट होती हो. मीच तिचा सौदा केला. आणि सौदा करताना इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही की ते वायफाय हॉलपर्यंत पोचत नाही. ते फक्त हॉटेलच्या पायरीवर मिळतं. म्हणजे पोरीशी बोलायलाच काय, मला मेसेज टाकायलाही केशवला हॉल सोडून रस्त्याच्या या बाजूला यावं लागणार. गाड्या कुठून कुठं जातात ते मी दिवसभर बघतो, आणि हे दिसलं नाही. की दिसलं होतं? कधी कधी मला वाटतं, मला दिसलं होतं.

तेराव्या दिवशी सव्वाबाराला मायचं नाव पुकारलं. तिचा श्वास खालावला होता, नळी टाकायची ठरली, आणि नळी टाकली की बोलता येत नाही म्हणून डॉक्टरांनी सिस्टरला सांगितलं, घरच्यांना भेटवा आधी. तीनदा पुकारलं. फाईलवर नंबर माझा एकट्याचा, त्यावर दोनदा लावला. केशव त्या वेळी पायरीवर बसून पोरीची वही पाहत होता, आणि मी त्याच्या डोक्यावर दोन माळे वर बसून एक निळा गालिचा पाहत होतो. पावणेएकला डॉक्टरांनी आणखी थांबणं बरोबर नाही म्हणून नळी टाकली. त्यांची काही चूक नव्हती. मी एक वाजता जेवायला खाली उतरलो तेव्हा केशव धावत आला, "साहेब, चुकी झाली," म्हणाला, "मले हॉलवाल्यांनी आता सांगितलं." मी त्याला काय बोललो ते इथं सांगत नाही. सगळ्या हॉलसमोर बोललो. ज्याची बायको वर पडली होती त्या माणसाला मी बेजबाबदार म्हटलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि दुसऱ्या दिवशीही त्यानं माझ्या मायचं नाव कानात धरून ठेवलं होतं. माय पुढे तीन दिवस होती. बोलली नाही.

सिस्टर मला म्हणाली होती की नळीच्या आधी आजी शुद्धीवर होत्या, विचारत होत्या. काय विचारत होत्या तेही तिनं सांगितलं. ते मी कुणालाच सांगितलं नाही. घरी सांगितलं की मी आत होतो, मायचा हात धरून. आणि मग पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी, पांढरी लुगडी-सदरे घालून सगळी वस्ती बसलेली, वंदना झाली, मायच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या, आणि आमच्या विहारातल्या भाऊंनी माइक माझ्या हातात दिला. मुलानं दोन शब्द बोलावे. समोर पहिल्या रांगेत पिंकी. तिचे डोळे सुजले होते आणि ती माझ्याकडे अशी पाहत होती की माझ्याजवळ मायचं काही उरलेलं आहे आणि मी ते तिला देणार आहे. मी म्हटलं, शेवटी तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, पिंकीले म्हण, सांभाळून राहा. इतकंच सुचलं मला. कुठलीही माय कुठल्याही लेकीला म्हणेल असं वाक्य. त्या वेळी मला वाटलं, काय बिघडतं, पोरीला आधार होईल.

माय दवाखान्यात जायच्या महिनाभर आधी पिंकीनं घरी उन्मेषचं नाव काढलं होतं. पाणीपुरवठ्यात नोकरीला, स्वभावानं शांत, पहिलं लग्न मोडलेलं. माय तेव्हा हो म्हणाली नव्हती, नाही म्हणाली नव्हती, पाहू म्हणाली होती. आणि मग माझं वाक्य. पिंकीनं ते घरी नेऊन इतक्या बाजूंनी पाहिलं की विचारू नका. सांभाळून काहून म्हटलं मायनं? कोणापासून? मरताना माणूस उगाच बोलत नाही. दोन वर्षांत उन्मेषनं तीनदा विचारलं आणि तीनदा ती नाही म्हणाली, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे येऊन रडली. आता त्याची पुण्याला बदली झाली आहे. येत्या रविवारी तो घरी येणार, शेवटचं विचारायला. आज बसमध्ये ती मला म्हणाली की काय सांगायचं ते ठरलं आहे, मायच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही. पस्तिसावं लागलं आहे तिला. मी खिडकीबाहेर पाहत म्हटलं, तुझी मर्जी.

"दादा, मी काय विचारून राहिली?" पिंकी म्हणाली. तिनं फोन माझ्या पुढ्यात धरला होता. मी भानगडीचं वाक्य जुळवून ठेवलं होतं, ऑफिसातल्या बाईला एक नावसुद्धा दिलं होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, "बाई नव्हती वं. माय दवाखान्यात होती तेव्हा मी या हॉटेलात बसत होतो." मग मी सगळं सांगितलं. खोली, रेंज, केशव, पासवर्ड. गालिचेसुद्धा सांगितले, लपवून काय करणार होतो. शेजारची बाई ऐकत होती, ऐकू दे म्हटलं. शेवटी म्हटलं, "मी नव्हतो तिच्याजवळ. तिनं माझा हात धरला नाही. सांभाळून राहा मी म्हटलं, मायनं नाही. उन्मेषले त्याच्यामुळे नाही म्हणू नको."

तिचा अर्धा चेहरा बधिर होता, त्यामुळे तिला काय वाटतंय ते एकाच बाजूनं दिसत होतं. मग तिनं विचारलं, "मग माय काही बोललीच नाही?"

इथं थांबता आलं असतं. नाही म्हणालो असतो तर झालं असतं. "बोलली," मी म्हटलं. "सिस्टर सांगे, दोनदा विचारलं तिनं. पिंकी आली का, म्हणे."

"किती वाजता?"

"सव्वाबाराले पुकारलं. पाऊण वाजेपर्यंत विचारत होती."

पिंकीनं मान हलवली, कसलीशी वेळ जुळवत असल्यासारखी. "मी आली होती," ती म्हणाली. शब्द जाड येत होते, पण मला प्रत्येक शब्द कळला. "त्या दिवशी माझा जीव लागून नव्हता राहिला, तर अर्धी शाळा टाकून आली. दवाखान्याच्या फाटकापाशी चहाचा ठेला आहे न, तिथं उभी होती. पास तुझ्याजवळ. तुले चार फोन लावले, लागलाच नाही. मले वाटलं, तू आत मायजवळ आहेस, आत फोन बंद ठेवा लागते. मले बरं वाटलं, दादा. म्हटलं, माय एकटी नाही आहे, कशाले मधात मधात करायचं. चहा पिली आणि वापस गेली."

तिच्या त्या चार मिस्ड कॉलचे मेसेज मी त्या दिवशी खाली उतरून रेंज आल्यावर पाहिले होते. शाळेतून केले असतील असं समजून मी ते पुसून टाकले होते. ठेल्यापासून मायच्या पलंगापर्यंत चालत गेलं तर तीन मिनिटं लागतात.

मी म्हटलं, "पिंके." तिनं एका बाजूनं ओठ पुसले, लाळ येत होती ते तिला कळत नसावं. फोन आमच्या दोघांच्या मधल्या खुर्चीवर ठेवला. रागानं ठेवला नाही, जपून ठेवला.

"उन्मेषले काय सांगायचं ते मी पाहीन," ती म्हणाली. "तू आता मायच्या तोंडून माझ्याशी बोलू नको."